खंडेनवमीला नेदरलँडहून

कॉम्प्युटर लॅब माझ्या गळ्यात कशी पडली ते आधी सांगते, म्हणजे पुढचं पाप कुणाच्या नावावर घालायचं ते तुमचं तुम्हाला कळेल. मी भूगोलाची बाई. लॅब बघणारे सर संस्थेच्या दुसऱ्या शाळेवर गेले, तेव्हा मुख्याध्यापकांनी स्टाफ मीटिंगमध्ये विचारलं, "आता लॅब कोण बघणार?" सगळ्यांनी पटापट माना खाली घातल्या. माझी एकटीची मान वर राहिली, कारण मी खिडकीतून पाण्याच्या टाकीवर चढलेल्या पोरांना "उतरा रे मुडद्यांनो" म्हणून ओरडत होते. मुख्याध्यापक म्हणाले, "बरं झालं, मॅडम तयार आहेत." अकरा कॉम्प्युटर, त्यातले सात चालू, आणि एक किल्ली, एवढा संसार त्या दिवशी माझ्याकडं आला.

शाळा आमची कळंबपासून गाडीवर अर्ध्या तासाच्या अंतरावर. मुख्याध्यापक म्हणजे कपाळाला भस्म लावून येणारा, सोमवार धरणारा, आवाज न चढवणारा माणूस. क्लार्कला आम्ही भाऊसाहेब म्हणतो आणि शिपायाला मामा. ऑफिसचा कॉम्प्युटर मरून दोन वर्षं झालीत, त्यामुळं भाऊसाहेबांची सगळी ऑनलाइन कामं माझ्याच लॅबमध्ये चालतात. तिथं बसून ते मला सांगतात की लॅब कशी चालवावी.

एकदा नववीच्या पोरांनी प्रॅक्टिकलच्या तासाला गोळ्या झाडायचा खेळ लावला आणि आवाज बंद करायचं विसरले. नेमके त्याच दिवशी संस्थेचे सचिव आलेले. व्हरांड्यात त्यांनी धडाधड गोळीबार ऐकला आणि आत येऊन माझ्याकडं असं बघितलं, जणू बंदूक माझ्याच पर्समध्ये होती. आठ दिवसांत लातूरहून एक माणूस आला आणि त्यानं नेटला जाळी बसवली. खेळ बंद, गाणी बंद, झाडून सगळे व्हिडिओ बंद. माझा ज्वालामुखीचा व्हिडिओ होता, सहावीला दरवर्षी दाखवायचे, तोही बंद. मी विचारलं तर तो माणूस म्हणाला, "मॅडम, व्हिडिओ म्हणजे व्हिडिओ. त्याला ज्वालामुखी काय अन् तमाशा काय, दोन्ही सारखंच."

मग मला चेव आला. नियम करायचेच तर मीच करते म्हटलं. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर लाल शाईनं नऊ नियम लिहिले आणि लॅबच्या दारावर लावले. चप्पल बाहेर, खाऊ बाहेर, तसलेच बाकीचे. पण चौथा नियम माझा लाडका. तो असा: 'जो कोणी आडवाटेने बंद साइट उघडेल, त्याचे नाव शाळेमार्फत जाणाऱ्या प्रत्येक परीक्षेच्या यादीतून कमी केले जाईल.' मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, जरा कडक होतंय." मी म्हटलं, "सर, लाथों के भूत बातों से नहीं मानते." त्यांनी सही केली, शिक्का मारला. सगळ्यांचे मोबाइलही सकाळी त्यांच्या कपाटात जमा करायचे, हा नियम आधीपासूनच होता, शिक्षकांसकट.

पण पोरं ती पोरं. कळंबच्या रस्त्यावर पोलीस उभा दिसला की बिनलायसनची पोरं कशी गाडी बांधावरून काढतात आणि पुढं डांबरीला लागतात, तसलाच एक प्रकार नेटवर असतो, हे मला आठवीतल्या एका पोरीनं शिकवलं. व्हीपीएन म्हणतात त्याला. आपण बसलेलो इथं असतो, पण नेट कुठल्या तरी दुसऱ्याच देशातून फिरून येतं. जाळीला वाटतं हे काहीतरी परदेशी काम चाललंय, आणि ती सोडून देते.

ही पोरगी आमच्या गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याची. बारीक, दोन वेण्या, कमी बोलणारी. मधल्या सुट्टीत मी अचानक लॅबमध्ये गेले तर ही हेडफोन लावून व्हिडिओ बघत बसलेली. मी कान धरणारच होते, पण पडद्यावर बघितलं तर कुणीतरी सर फळ्यावर बुद्धिमत्ता चाचणीची गणितं सोडवत होते. शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी. घरी फोन एकच, आणि तो दिवसभर बापाबरोबर गिरणीवर. मला मनातून बरं वाटलं, खरंच वाटलं, पण चौथा नियम माझाच. तिच्याकडून 'मी पुन्हा असे करणार नाही' असं लिहून घेतलं, सही घेतली आणि भाऊसाहेबांच्या फाइलला लावलं. पहिलीच चूक म्हणून नाव कमी केलं नाही.

इथवर मी बरोबर होते. घोळ त्याच्यापुढं आहे. मी तिला म्हटलं, "हे कसं केलंस ते माझ्या मशीनवर करून दाखव. मला कळायला नको का, तुम्ही काय काय करता ते?" तिनं एक नंबरच्या मशीनवर दोन मिनिटांत बसवून दाखवलं. कोपऱ्यात बारीक हिरवा ठिपका आला. "हा ठिपका असला की चालू, बाई," ती म्हणाली. तिच्या मशीनवरचं मी लगेच काढायला लावलं. माझ्या मशीनवरचं राहू दिलं. पुरावा म्हणून.

आता सांगायलाच पाहिजे. मला म्हशी आवडतात. हसू नका. माहेरी आमच्या दावणीला चार म्हशी होत्या, आणि लग्न होईपर्यंत धार मीच काढायची. सासरी आले तेव्हा गोठा होता, पुढं तो मोडून नवऱ्यानं तिथं मोटारसायकल लावायला शेड केलं. म्हैस घेऊ म्हटलं की तो म्हणतो, "शेण तू काढणार का मी?" मी म्हणते मी. तो म्हणतो, "आधी दहावीचे पेपर तपास." घरी फोनवर म्हशीचा व्हिडिओ लावला तर हा येताजाता टोमणे मारतो. आणि शाळेत, जाळीच्या पलीकडं, हरियाणातले लोक आपापल्या मुऱ्हा म्हशी धुऊन पुसून, शिंगांना तेल लावून, दाखवत उभे होते.

तेव्हापासून मधल्या सुट्टीत मी लॅबला आतून कडी लावायला लागले. रजिस्टर भरते म्हणून सांगायचे. डबा उघडायचा, हिरवा ठिपका लावायचा आणि म्हैस बघायची. काही व्हिडिओत तर काहीच होत नाही, म्हैस अर्धा तास नुसती रवंथ करते. ती रवंथ करते, मी भाकरी खाते. बाहेर पोरं एकमेकांना म्हणायची, "हळू बोला रे, बाई काम करायल्यात." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते काय उगीच म्हणतात होय!

एक नंबरचं मशीन आम्ही कधी बंद करत नाही. एकदा बंद केलं की सुरू व्हायला त्याला एक अख्खा तास लागतो, म्हणून फक्त पडदा बंद करायचा. अष्टमीच्या दिवशी मधली सुट्टी संपली, मी घाईत पडदा बंद केला आणि पाचवीच्या वर्गावर पळाले. ठिपका तसाच.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी ज्याच्या त्याच्या पोटाचं हत्यार पुजतात. शेतकऱ्याचा विळा, सुताराचा रंधा, गिरणीवाल्याची गिरणी. आणि एकदा पुजलं की दसऱ्याची पूजा होईस्तोवर त्याला हात लावायचा नाही, वर्षभर राबलेल्या हत्याराला तेवढी एक सुट्टी. आमचे मुख्याध्यापक हे फार पाळतात. शाळेतली पेटी, तबला, प्रयोगशाळेचा तराजू, सगळं पूजेत. मामांची घंटासुद्धा पूजेत, त्यामुळं त्या दिवशी तास संपला की मामा व्हरांड्यात उभे राहून "सुटलाऽऽ" म्हणून ओरडतात. आणि कॉम्प्युटर आल्यापासून कॉम्प्युटर. सातही मशीनना झेंडूच्या माळा, कीबोर्डवर हळदीकुंकू, एक नंबरच्या मशीनपुढं कलश आणि देवीचा फोटो. त्या वर्षी मुख्याध्यापक म्हणाले, "मोबाइलही आता हत्यारच की," आणि कपाटातले सगळ्यांचे मोबाइल काढून, एकेकाला कुंकवाचं बोट लावून, एका मोठ्या ताटात कलशाशेजारी मांडले. आरती झाली, नारळ फुटला. "उद्या अकराच्या पूजेपर्यंत कुणी हात लावायचा नाही," त्यांनी सांगितलं. मी प्रसाद खाल्ला आणि आज म्हैस नाही, एवढंच मनात आलं.

साडेबाराला स्टाफरूममध्ये फोन वाजला. सगळे एकमेकांकडं बघायला लागले, कारण फोन तर ताटात. वाजत होता भाऊसाहेबांच्या पँटच्या खिशात. त्यांनी आपला फोन पूजेला दिलाच नव्हता. मुख्याध्यापकांनी नुसतं बघितलं. भाऊसाहेब फोन घेऊन बाहेर गेले आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"सर, कळंबच्या ऑफिसातनं फोन होता. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत आज पाचला संपायलीय."

"मग? भरले ना अर्ज?"

"कागदावर भरलेत सर. ऑनलाइन टाकायचे राहिलेत. चौदाच्या चौदा."

"भाऊसाहेब!"

"सर, दरवर्षी तीनदा मुदत वाढते. म्हटलं, अजून एकदा पण वाढली न्हाय, आता वाढंल."

आता आली का पंचाईत? चौदा पोरांची परीक्षा एकीकडं आणि पूजेला बसलेला कॉम्प्युटर दुसरीकडं. मामांनी सांगितलं की त्यांच्या घरी विळा पूजेत असताना वैरण कापायची वेळ आली की शेजाऱ्याचा विळा मागतात. भाऊसाहेब म्हणाले, "शेजारच्या शाळेचा पण पूजेतच असणार की." शेवटी मुख्याध्यापकांनी तोडगा काढला. देवीपुढं आणखी एक नारळ ठेवायचा, क्षमा मागायची आणि एकच मशीन वापरायचं. पण पूजा मोडायची नाही. माळ काढायची नाही, कलश हलवायचा नाही.

"एक नंबरचं घेऊ," भाऊसाहेब म्हणाले, "ते चालूच असतंय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भाऊसाहेबांनी पडदा चालू केला. हिरवा ठिपका कोपऱ्यात असणार होता, आणि त्या कोपऱ्यावर बरोबर झेंडूची माळ आलेली. मी म्हटलं, "भाऊसाहेब, तुम्ही उठा, मी करते."

"मॅडम, लॅब तुमची, अर्ज माझे," ते म्हणाले आणि हळद झटकून माउस हातात धरला.

मी माळ सरळ करायचं निमित्त करून हात पुढं केला, तर मामा मागून म्हणाले, "बाई, हात लावू नगा, पूजा मोडंल." मी हात मागं घेतला. तेव्हाच एक वाक्य बोलले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण ते वाक्य 'मी म्हशी बघत होते' असं होतं. ते तोंडातून निघेना. म्हटलं, चालून जाईल कदाचित, देवीला काळजी.

देवीनं काही मनावर घेतलं नाही. भाऊसाहेबांनी मुख्याध्यापकांचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि ताटातला एक फोन टिंग वाजला. मुख्याध्यापकांनी त्याला हात जोडले, कुंकू पुसणार नाही अशा बेतानं उचलला आणि चष्मा वर करून वाचायला लागले. "आपल्या खात्यात नेदरलँड या देशातून प्रवेशाचा प्रयत्न झाला आहे." मग त्यांनी स्वतःकडं बघितलं, धोतरावरून हात फिरवला. "पण मी तर इथं उभा आहे."

भाऊसाहेबांनी पुन्हा केलं. पुन्हा टिंग. पुन्हा नेदरलँड. तिसऱ्यांदा केलं तर पडद्यावर लाल पट्टी आली: सुरक्षेसाठी हे खातं उद्यापर्यंत बंद.

"मॅडम," मुख्याध्यापक मला म्हणाले, "हे नेदरलँड कुठं येतं?"

भूगोलाच्या बाईला भूगोल विचारला की तोंड आपोआप चालतं. "पश्चिम युरोपात सर. बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली. दुभत्या जनावरांसाठी प्रसिद्ध," मी म्हटलं आणि शेवटच्या वाक्याला जीभ चावली.

भाऊसाहेबांनी कळंबला फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, खातं उघडून देतो, पण लेखी खुलासा आणा. कुणी केलं, कशासाठी केलं, शाळेनं काय कारवाई केली. मुख्याध्यापकांच्या सहीनं, पाचच्या आत, हातोहात.

"कुणी केलं म्हणजे?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"सर, हे आडवाटेचं काम हाय," भाऊसाहेब म्हणाले. "आणि आडवाट कुणाला म्हाईत हाय, ते आपल्या फाइलीत हाय." ते उठले आणि त्या पोरीचा सही केलेला कागद घेऊन आले. वर्षभर एक पावती या माणसाला वेळेवर सापडत नाही, आणि हा कागद मिनिटात सापडला!

पोरीला बोलावलं. मामा तिच्या बापालाही घेऊन आले. गिरणी पूजेत, म्हणून तो घरीच होता. एरवी तो डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा असतो, त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याच्या शर्टाचा रंग दिसला. निळा होता. तो दाराबाहेर चप्पल काढून आत आला आणि भिंतीला लागून उभा राहिला.

मुख्याध्यापकांनी पोरीला कागद दाखवला. "बाळ, ही सही तुझीच ना?"

"व्हय सर."

"एक नंबरच्या मशीनवर हे तूच बसवलंस?"

ती म्हणाली, "व्हय सर." खरंच होतं की ते. बसवलं तिनंच होतं. कुणाच्या सांगण्यावरून, ते तिनं सांगितलं नाही. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वर्गात एखादं पोर बाईंच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघतं ना, तसं.

मुख्याध्यापकांनी सुस्कारा सोडला. "मॅडम, तो चौथा नियम जरा वाचून दाखवा यांना."

आणि मी वाचला. देवाशप्पथ, मी वाचला. दारापाशी गेले, चष्मा लावला आणि 'जो कोणी आडवाटेने' पासून 'कमी केले जाईल' पर्यंत मोठ्यानं वाचून दाखवला, उच्चार स्पष्ट, विरामचिन्हांसकट. आज ते आठवलं तरी मला स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटते. भाऊसाहेबांनी चौदा अर्जांच्या गठ्ठ्यातून एक अर्ज काढून बाजूला ठेवला. "म्हणजे तेरा भरायचे," ते म्हणाले.

तेवढ्यात बाप पुढं आला. मुख्याध्यापकांकडं नाही, माझ्याकडं. हात जोडले.

"बाई, पोरगी चुकली असंल. मला त्या कॉम्प्युटरमधलं काय कळत न्हाय. तिला दोन रट्टे द्या, पण तेवढा अर्ज काढू नगा. सा म्हैने झाले, गिरणीच्या आवाजात बसून अभ्यास करायलीय ती. तुमीच सांगा सरांना. घरी आली की बाई असं म्हणल्या, बाई तसं म्हणल्या, दुसरं काय बोलत न्हाय. लई इस्वास हाय तिचा तुमच्यावर."

झालं. मी जवळच्या बाकावर बसले आणि म्हटलं, "सर, ते मी केलंय."

"काय केलंय?"

"नेदरलँड."

कुणालाच कळेना. मग मी सगळं सांगितलं. तिला बसवायला मीच लावलं, काढायला मीच दिलं नाही, आणि रोज मधल्या सुट्टीत चालू मीच करत होते.

"पण कशासाठी?" मुख्याध्यापकांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला.

"म्हशी बघायला."

भाऊसाहेबांचा हात माउसवर होता तसाच राहिला. पहिल्यांदा बोलले ते मामा. "कंच्या म्हशी बाई?"

"मुऱ्हा."

"मुऱ्हा आपल्याकडं टिकत न्हाय बाई," मामा कळवळून म्हणाले. "उन्हाळा सोसत न्हाय तिला."

"मामा, गप्प बसा," मुख्याध्यापक म्हणाले, पण तोपर्यंत त्यांच्या मिशा हलायला लागल्या होत्या. ते तोंड फिरवून देवीकडं बघत उभे राहिले, आणि बराच वेळ त्यांची पाठच आम्हाला दिसत होती.

मग मुख्याध्यापक खुलासा लिहायला बसले. भाऊसाहेबांनी सुचवलं, "'पशुधनविषयक शैक्षणिक चित्रफिती' असं लिहू सर, चांगलं दिसंल." मुख्याध्यापक म्हणाले, "आज नवमी आहे. खोटं नको." आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'सदर सहशिक्षिका मधल्या सुट्टीत म्हशींचे व्हिडिओ पाहण्यासाठी सदर सुविधेचा वापर करीत होत्या.' कारवाई काय लिहायची, यावर खल झाला. चौथ्या नियमाप्रमाणं माझं नाव कुठल्या तरी यादीतून कमी करायला पाहिजे होतं. मी म्हटलं, जनगणनेच्या यादीतून करा. निवडणुकीच्या करा. पेढे वाटते. मुख्याध्यापकांनी नुसती 'लेखी समज' लिहिली आणि सहीसाठी कागद माझ्यापुढं सरकवला. मी त्याच लाल शाईच्या पेनानं सही केली.

मशीनवरचं ते प्रकरण काढायचं होतं. मला काढता येत नव्हतं, भाऊसाहेबांनाही नाही. मुख्याध्यापक पोरीला म्हणाले, "जा बाळ, नमस्कार कर आणि काढ." तिनं कलशाला हात जोडले, माळेखालून हात घातला आणि काढून टाकलं. एक फूल पडलं नाही.

कळंबला कागद घेऊन कोण जाणार? एसटी त्या वेळेला नाही. बाप म्हणाला, "माझी गाडी हाय." पण सणाच्या दिवशी गाडीही पुजलेली, हँडलला हार. ती गाडी त्यानं हारासकट काढली, आणि मी मागं बसले, एका हातात पदर, एका हातात पाकीट. माझी मान वर होईना. अर्ध्या रस्त्यात तो मान मागं वळवून म्हणाला, "बाई, घ्यायचीच असली तर माझ्या मेव्हण्याकडं एक हाय. गावरान हाय, पर शांत हाय." मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. त्याला वाटलं वाऱ्यानं डोळ्यात धूळ गेली, त्यानं गाडी हळू केली.

ऑफिसातल्या साहेबांनी खुलासा एकदा मनात वाचला. मग मोठ्यानं वाचला. मग शेजारच्या खोलीतल्या लोकांना बोलावून परत वाचला. मी खांबासारखी उभी. एक जण तर मला विचारत होता, दूध किती देते. पण खातं उघडून दिलं, आणि माझ्यासमोर भाऊसाहेबांना फोन लावला. मी फोन घेऊन म्हटलं, "भाऊसाहेब, तो बाजूला ठेवलेला अर्ज पहिला भरा." ते म्हणाले, "भरला की मॅडम. पोरगीच बसलीय टाइप करायला, माझ्यापेक्षा लवकर व्हायलंय तिचं." पाचला दहा कमी असताना चौदावा अर्ज गेला. मुख्याध्यापकांच्या फोनवर चौदा वेळा टिंग वाजलं, आणि दर वेळी त्यांनी हात जोडले, असं मामा सांगत होते.

आम्ही परत आलो तेव्हा शाळा सुटलेली होती. बाप गाडीपाशी थांबला. पोरगी लॅबमध्ये हळद लागलेला कीबोर्ड पुसत होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. माफी कशी मागायची ते मला येत नाही, आम्हा शाळेतल्या बायांना ते कुणी शिकवत नाही. मी आपलं विचारलं, "का गं, एवढं झालं, तरी सांगितलं का नाहीस की बाईंनीच बसवायला लावलं म्हणून?"

तिनं फडकं खाली ठेवलं. विचार करून, नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही न्हाय म्हणला असता, बाई. मग सगळ्यांनी तुमचंच खरं धरलं असतं. अर्ज तर गेलाच असता, वर मी खोटारडी झाले असते."

मी तोंड उघडलं. 'नाही गं, मी तसं कशाला म्हणेन' असं म्हणायला उघडलं. पण दुपारी ती माझ्याकडं बघत होती तेव्हा मी काय केलं, ते तिनं बघितलं होतं. तिचा हिशेब कुठंच चुकला नव्हता. बाहेरून बापानं हाक मारली, तिनं दप्तर उचललं आणि म्हणाली, "येते, बाई." मी म्हटलं, "ये."